फोन तुमचा, ॲप दुसऱ्याचं, मग कॉल रेकॉर्डिंग बंद कोणी केलं? ‘परवानगी’मागचं राजकारण समजून घ्या

मे २०२२ मध्ये अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या अनेकांच्या हातातली एक सोय गेली. ट्रूकॉलर या ॲपमधून फोनवरचं बोलणं रेकॉर्ड करता यायचं, ते बंद झालं. घरमालकाशी डिपॉझिटवरून झालेलं बोलणं, विमा एजंटने तोंडी दिलेलं आश्वासन, वसुलीवाल्याची धमकी, असं काही पुरावा म्हणून जपून ठेवणाऱ्यांची पंचाईत झाली.

सरकारने रेकॉर्डिंगवर बंदी घातली नव्हती. मोबाइल नेटवर्क कंपनीने काही बदललं नव्हतं. ॲपमध्ये बिघाड झाला नव्हता आणि फोनही तोच होता. बदललं होतं ते गुगलचं एक धोरण. ११ मे २०२२ पासून ते लागू झालं आणि प्ले स्टोअरवरच्या कॉल रेकॉर्डिंग ॲप्सचा मार्गच बंद झाला.

फोन आपण पैसे मोजून घेतो. त्यातली ॲप्स वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. पण त्या ॲपला फोनमधल्या कशाला हात लावता येईल, हे ठरवण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीकडे असतो. अँड्रॉइडच्या बाबतीत गुगलकडे, आयफोनच्या बाबतीत ॲपलकडे आणि विंडोजच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टकडे. ‘परवानगी द्या’ किंवा ‘नाकारा’ हा प्रश्न स्क्रीनवर येण्याच्या आधीच बरेचसे निर्णय होऊन गेलेले असतात.

हे निर्णय कसे होतात, त्यांचा फायदा कोणाला होतो आणि फटका कोणाला बसतो?

‘ॲक्सेस कंट्रोल’ म्हणजे नेमकं काय?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे एक मोठी गृहनिर्माण सोसायटी आहे असं समजा. प्रत्येक ॲप म्हणजे त्यातला एक फ्लॅट. आपल्या फ्लॅटमध्ये काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण शेजारच्या फ्लॅटमध्ये घुसता येत नाही. पंपरूम आणि मीटररूमची किल्ली सगळ्यांना मिळत नाही. गच्ची वापरायची तर विचारावं लागतं.

अँड्रॉइडमध्ये हे अगदी असंच चालतं. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचा आहे. फोनमध्ये ॲप टाकलं की सिस्टिम त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक देते आणि त्याच्या फाइल्स वेगळ्या कप्प्यात ठेवते. त्यामुळे एखाद्या गेमला तुमच्या बँकेच्या ॲपमधली माहिती वाचता येत नाही. कॅमेरा, माइक, संपर्क यादी, लोकेशन या गोष्टींना तर कोणतंच ॲप थेट हात लावत नाही. ते सिस्टिमकडे मागणी करतं, सिस्टिम परवानगी तपासते आणि मगच पुढचं काम होतं.

पूर्वी ही तपासणी नावापुरतीच होती. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ येईपर्यंत ॲप टाकतानाच परवानग्यांची लांबलचक यादी दाखवली जायची. सगळं मान्य असेल तर ॲप घ्या, नाहीतर सोडून द्या. टॉर्चच्या ॲपने संपर्क यादी मागितली, तरी अनेक जण न वाचताच पुढे जायचे. अँड्रॉइड ६ पासून ॲपला ज्या वेळी गरज पडेल त्या वेळी, एकेक परवानगी विचारली जाऊ लागली. २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये ‘ॲप वापरत असतानाच’ लोकेशन देण्याचा पर्याय आला. २०२० मध्ये ‘फक्त या वेळी’ हा पर्याय आला. बरेच दिवस न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप काढून घेण्याची सोयही तेव्हाच आली. २०२१ पासून कॅमेरा किंवा माइक सुरू असला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते.

मग कॉल रेकॉर्डिंगचं काय झालं?

ॲपला तीन पहारे ओलांडावे लागतात. पहिला ऑपरेटिंग सिस्टिमचा. एखादी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या करता येते की नाही, हे तिथे ठरतं. दुसरा ॲप स्टोअरच्या नियमांचा. एखादी गोष्ट तांत्रिकदृष्ट्या शक्य असली, तरी ती करणाऱ्या ॲपला स्टोअरमध्ये जागा द्यायची की नाही, हे तिथे ठरतं. तिसरा देशाच्या कायद्याचा.

गुगलने अँड्रॉइडच्या एकेका आवृत्तीत बाहेरच्या ॲप्ससाठी कॉल रेकॉर्डिंगचे मार्ग बंद करत आणले होते. अँड्रॉइड १० नंतर माइकमधून कॉलचा आवाज टिपणंही अवघड झालं. मग ॲप बनवणाऱ्यांनी पळवाट शोधली, ती म्हणजे ‘ॲक्सेसिबिलिटी’ ही सुविधा.

ही सुविधा अंध आणि इतर दिव्यांग वापरकर्त्यांसाठी आहे. स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणं, हाताऐवजी आवाजाने बटण दाबणं अशी कामं करायची तर ॲपला स्क्रीनवरचं सगळं दिसावं लागतं आणि वापरकर्त्याच्या वतीने कृतीही करता यावी लागते. म्हणजे ही जवळजवळ सोसायटीची मास्टर किल्लीच. दृष्टिहीन व्यक्तीसाठी ती अत्यावश्यक आहे. मात्र हीच किल्ली चोराच्या हाती पडली, तर तो पिन टाकताना पाहू शकतो आणि पैसे पाठवण्याचं बटणही दाबू शकतो.

समोरच्याला माहिती नसताना त्याचा आवाज रेकॉर्ड करण्यासाठी ही सुविधा बनलेली नाही, त्यामुळे त्या कामासाठी ती मागता येणार नाही, अशी भूमिका गुगलने २०२२ मध्ये घेतली. ही बंदी दुसऱ्या पहाऱ्यावरची होती, म्हणजे प्ले स्टोअरची. पण प्ले स्टोअरमधून बाहेर पडणं कोणत्याही मोठ्या ॲपला परवडणारं नसतं. ट्रूकॉलर ही मूळची स्वीडिश कंपनी, पण तिची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत. नव्या धोरणामुळे ही सोय देता येणार नाही, असं सांगून तिने रेकॉर्डिंग बंद केलं. पुढे २०२४ मध्ये भारतातल्या सशुल्क सदस्यांसाठी ते वेगळ्या स्वरूपात परत आणलं.

पण काही फोनमध्ये रेकॉर्डिंग अजूनही चालतंच की!

हो, आणि वादाचा मुद्दा तोच आहे.

ज्या फोनमध्ये कॉल लावण्याचं ॲप कंपनीकडूनच बसवून येतं, त्या ॲपला आवाज टिपण्यासाठी ॲक्सेसिबिलिटीची पळवाट लागतच नाही. त्याला सिस्टिमकडून आधीच जास्तीचे अधिकार मिळालेले असतात. त्यामुळे २०२२ चा नियम अशा ॲप्सना लागू झाला नाही. गुगलच्या स्वतःच्या ‘फोन’ ॲपमधलं रेकॉर्डिंगही सुरूच राहिलं. फरक इतकाच, की ते सुरू होताच दोन्ही बाजूंना रेकॉर्डिंगची सूचना मोठ्याने ऐकू येते.

ही सूचना योग्यच आहे, समोरच्या माणसालाही खासगीपणाचा हक्क आहे, असं म्हणता येतं. पण मग बाहेरच्या ॲप्सनाही ‘सूचना ऐकवा आणि रेकॉर्ड करा’ असा मार्ग का दिला नाही, हा प्रश्न उरतोच. सुरक्षेचं कारण खरं असू शकतं आणि त्याच वेळी त्या नियमाचा फायदा नियम करणाऱ्यालाही होऊ शकतो.

ओटीपीच्या मेसेजखालची अगम्य अक्षरं कशासाठी?

दार बंद करताना लहानशी खिडकी ठेवली तर काय होतं, याचं चांगलं उदाहरण तुमच्या एसएमएसमध्येच आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये गुगलने जाहीर केलं, की एसएमएस आणि कॉलची नोंद वाचण्याची परवानगी यापुढे सरसकट मिळणार नाही. जे ॲप मेसेज पाठवण्याचं किंवा फोन लावण्याचं मुख्य ॲप म्हणून निवडलेलं असेल, प्रामुख्याने त्यालाच ती मिळेल. बाकीच्यांना खास कारण देऊन अर्ज करावा लागेल. २०१९ च्या सुरुवातीला अंमलबजावणी झाली.

भारतासाठी हा बदल लहान नव्हता. आपल्याकडे पगार जमा झाला, हप्ता कापला गेला, कार्ड वापरलं की लगेच मेसेज येतो. म्हणजे एसएमएसचा इनबॉक्स हे एक पासबुकच. एकदा परवानगी घेतलेलं कोणतंही ॲप ते पहिल्या पानापासून वाचू शकत होतं.

नव्या नियमाने ही उघडी वही बंद केली. पण त्यात चांगल्या ॲप्सचंही नुकसान झालं. मेसेजचा बॅकअप घेणारी छोटी ॲप्स, चोरीला गेलेला फोन एसएमएस पाठवून लॉक करणारी ॲप्स अडचणीत आली. अनेकांना अर्ज करावे लागले, काहींना ती सोयच काढून टाकावी लागली. पुढे अपवादांची यादी स्पष्ट झाली आणि एसएमएसवरून खर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या ॲप्सना त्यात जागा मिळाली.

मग ओटीपी आपोआप भरण्याचं काय? त्यासाठी एक वेगळी सोय आधीच तयार होती. अनेक ओटीपी मेसेजच्या शेवटी ११ अक्षरांची अर्थहीन वाटणारी ओळ असते. ती त्या ॲपची खूण असते. मेसेज आला की सिस्टिम ती खूण ओळखते आणि तेवढाच मेसेज त्याच ॲपच्या हाती देते. ॲपला एसएमएसची परवानगी मागावीच लागत नाही आणि बाकीचा इनबॉक्स त्याला दिसत नाही. काम होतं, पण वही उघडावी लागत नाही.

कर्ज देणाऱ्या ॲप्सनी काय धडा दिला?

परवानगी सैल असण्याची सर्वांत मोठी किंमत भारतात मोजली गेली ती झटपट कर्जाच्या ॲप्समुळे.

पाच-दहा हजारांचं कर्ज देण्याआधी ही ॲप्स संपर्क यादी आणि फोटो पाहण्याची परवानगी घ्यायची. हप्ता चुकला की यादीतल्या नातेवाइकांना, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना फोन जायचे. फोटोंत फेरफार करून ते पसरवण्याच्या धमक्या दिल्या जायच्या. या छळाला कंटाळून काहींनी जीव दिल्याच्या घटनाही देशात घडल्या.

तांत्रिकदृष्ट्या यात काहीच ‘हॅक’ झालेलं नव्हतं. प्रत्येक कर्जदाराने ‘परवानगी द्या’वर बोट ठेवलेलं होतं. पण पैशांची तातडीची गरज असलेल्या माणसाला नकार देण्याचा पर्याय खरोखर होता का? शिवाय यादीतल्या शेकडो लोकांना तर कोणी विचारलंच नव्हतं. संमतीची चौकट कितीही नीट बनवली, तरी काही प्रश्न एकट्या वापरकर्त्यावर सोडून भागत नाही, हे यातून दिसलं.

मग उरलेले दोन पहारे जागे झाले. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. कर्जाच्या ॲपने फाइल्स, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये, असं त्यात सांगितलं. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन फक्त ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी, एकदाच आणि स्पष्ट संमतीने वापरता येईल अशी मुभा ठेवली. त्यानंतर गुगलनेही नियम बदलला. ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲप्सना संपर्क, फोटो, व्हिडिओ आणि अचूक लोकेशनची परवानगी मागायला मनाई झाली.

म्हणजे हा प्रश्न आता कर्जदाराच्या स्क्रीनवर यायलाच नको. प्ले स्टोअरबाहेरून, लिंक पाठवून टाकायला लावलेल्या ॲप्सना मात्र स्टोअरचा नियम लागू होत नाही. तो धोका कायम आहे.

आयफोनवर हेच ॲप वेगळं का वागतं?

ॲपलने सुरुवातीपासून दारं बंद ठेवली आणि नंतर एकेक खिडकी उघडली. आयफोनवर कोणत्याही बाहेरच्या ॲपला तुमच्या वतीने परस्पर एसएमएस पाठवता येत नाही. म्हणूनच यूपीआय सुरू करताना अँड्रॉइडवर पडताळणीचा मेसेज आपोआप जातो, तर आयफोनवर तयार मेसेज समोर येतो आणि तो पाठवण्याचं बटण तुम्हाला दाबावं लागतं.

ट्रूकॉलरची तर अनेक वर्षं कोंडीच होती. अँड्रॉइडवर फोन वाजला की ॲपला नंबर कळतो, ते सर्व्हरला विचारतं आणि नाव दाखवतं. आयफोनवर ॲपला येणारा नंबर कळूच दिला जात नाही. २०१६ मध्ये ॲपलने एवढीच मुभा दिली, की ॲपने नंबर आणि नावांची यादी आधीच फोनकडे द्यावी आणि फोन आला की जुळवणी फोनच करेल. यादीबाहेरच्या नंबरचं नाव दिसणं शक्यच नव्हतं. त्यामुळे ‘आयफोनवर ट्रूकॉलर नीट चालत नाही’ ही तक्रार नेहमीची झाली. दोष मात्र ॲपचा नव्हता.

जानेवारी २०२५ मध्ये चित्र बदललं. ॲपलने आयओएस १८ मध्ये नवी व्यवस्था दिली आणि ट्रूकॉलरने तिचा वापर करून सशुल्क सदस्यांसाठी आयफोनवरही लगेच नाव दाखवायला सुरुवात केली. या व्यवस्थेत येणारा नंबर कुलूपबंद स्वरूपात सर्व्हरकडे जातो. सर्व्हर कुलूप न उघडताच त्यावर गणित करतो आणि उत्तरही कुलूपबंदच परत पाठवतो. ते फक्त फोनला उघडता येतं. नाव मिळतं, पण तुम्हाला कोणाचा फोन आला हे सर्व्हरला कळत नाही.

ओटीपीची ११ अक्षरं आणि ही व्यवस्था यांत एक साम्य आहे. ‘सगळं द्या’ किंवा ‘काहीच देऊ नका’ यांच्यामध्ये तिसरा मार्ग काढता येतो. पण तो काढायला वेळ लागतो आणि तो फक्त सिस्टिमच्या मालकालाच काढता येतो. तोवर बाहेरच्या ॲपने वाट पाहत बसायचं.

दार पूर्ण उघडं ठेवलं तर?

याचं उत्तर जगाला १९ जुलै २०२४ रोजी मिळालं, तेही फोनवर नाही, तर कॉम्प्युटरवर.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊच्या सुमाराला जगभरातले विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडू लागले. विमानसेवा, बँका, रुग्णालयांची कामं अडली. भारतात विमानतळांवर रांगा लागल्या आणि काही प्रवाशांना चक्क हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले.

कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेला एक सदोष अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर त्यात सापडले. हा आकडा एकूण विंडोज कॉम्प्युटरच्या एक टक्क्याहून कमीच होता.

एका बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या चुकीने पूर्ण कॉम्प्युटर का बंद पडावा? कारण ते सॉफ्टवेअर ‘कर्नल’मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात काम करत होतं. सोसायटीच्या भाषेत सांगायचं तर ते पंपरूममध्ये होतं. फ्लॅटमधला नळ तुटला तर एका घराचं नुकसान होतं, पंपरूममध्ये बिघाड झाला तर सगळी इमारत कोरडी पडते. व्हायरस पकडायचा तर गाभ्यापर्यंत पोहोचावं लागतं, म्हणून सुरक्षा कंपन्यांना तिथे प्रवेश होता. ॲपलने आपल्या मॅक कॉम्प्युटरवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला गाभ्यातून बाहेर काढायला २०१९ मध्येच सुरुवात केली होती आणि त्यासाठी वेगळा मार्ग आखून दिला होता.

मायक्रोसॉफ्टने तसं का केलं नाही? कंपनीच्या प्रवक्त्याने २००९ मध्ये युरोपियन आयोगाला दिलेल्या हमीकडे बोट दाखवलं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सुरक्षा सॉफ्टवेअरला विंडोजमध्ये जे मार्ग मिळतात, तेच इतर कंपन्यांनाही मिळतील, अशी ती हमी होती. स्पर्धा टिकावी हा तिचा हेतू होता. पण ही हमी गाभ्याचं दार उघडंच ठेवा असं सांगत नव्हती, सगळ्यांना समान वागणूक द्या असं सांगत होती. मायक्रोसॉफ्टने स्वतःचं सॉफ्टवेअरही गाभ्याबाहेर नेलं असतं, तर इतरांनाही नेता आलं असतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने त्याच दिशेने जाण्याची घोषणा केली आणि २०२५ मध्ये सुरक्षा कंपन्यांबरोबर त्याची चाचणी सुरू करण्याचं जाहीर केलं.

सेक्रेटरीचंच दुकान असेल तर?

सोसायटीच्या आवारात कोणी दुकान टाकायचं हे सेक्रेटरी ठरवतो आणि त्याचं स्वतःचंही किराणा दुकान तिथेच आहे, अशी कल्पना करा. स्वच्छतेचा नियम कितीही योग्य असला, तरी तो दोन्ही दुकानांना सारखाच लागू होतोय का, हे रहिवासी विचारणारच.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर नवा प्रश्न आणला. इतर कंपन्यांच्या ॲप्सवर आणि वेबसाइट्सवर तुमचा माग काढायचा असेल, तर ॲपने आधी विचारलं पाहिजे. अर्थातच अनेकांनी ‘नको’ म्हटलं. फेसबुकची मूळ कंपनी मेटाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितलं, की आयफोनमधल्या बदलांमुळे त्या वर्षी जाहिरातींच्या उत्पन्नाला सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल. परवानगीच्या एका चौकटीची ही किंमत.

वापरकर्त्यांच्या दृष्टीने हा बदल चांगलाच होता. पण ३१ मार्च २०२५ रोजी फ्रान्सच्या स्पर्धा नियामकाने ॲपलला १५ कोटी युरोचा दंड केला. माग काढण्याआधी विचारण्याचा हेतू चुकीचा नाही, पण ज्या पद्धतीने तो राबवला त्याने बाहेरच्या ॲप्सवर, विशेषतः छोट्या प्रकाशकांवर अन्याय झाला, असं नियामकाचं म्हणणं होतं.

पैसे देण्याच्या बाबतीतही हेच झालं. आयफोन दुकानातल्या मशीनजवळ नेऊन पैसे देण्यासाठी लागणारी चिप अनेक वर्षं फक्त ॲपल पे या ॲपलच्याच सेवेला वापरता येत होती. युरोपियन आयोगाच्या चौकशीनंतर जुलै २०२४ मध्ये ॲपलने ती युरोपात इतर कंपन्यांनाही मोफत खुली करण्याचं बंधनकारक आश्वासन दिलं. ही चिप उघडी करणं धोक्याचं आहे, असं तोवर सांगितलं जात होतं.

आता पुढे काय?

पुढचा वाद प्ले स्टोअरबाहेरून टाकल्या जाणाऱ्या ॲप्सवरून आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून एपीके फाइल येते, ती उघडली की एसएमएसची किंवा ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली जाते आणि थोड्या वेळाने खात्यातून पैसे जातात, ही फसवणूक आता महाराष्ट्रात गावोगावी माहीत झाली आहे.

२०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी सहजासहजी मिळू नये, यासाठी जास्तीचा अडसर आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलने भारतात आणखी एक प्रयोग जाहीर केला. ब्राउझर किंवा मेसेजिंग ॲपमधून आलेलं ॲप अशा संवेदनशील परवानग्या मागणारं असेल, तर ते फोनमध्ये बसवणंच रोखायचं.

ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने त्याहून मोठा बदल जाहीर केला. ॲप प्ले स्टोअरबाहेरचं असलं, तरी ते बनवणाऱ्याने गुगलकडे आपली ओळख पटवलेली असली पाहिजे. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये सुरुवात आणि २०२७ पासून इतरत्र, असं वेळापत्रक तेव्हा देण्यात आलं. मुक्त सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एफ-ड्रॉइडसारख्या गटांनी याला जोरदार विरोध केला. हौसेने ॲप बनवून मोफत देणाऱ्यालाही एका कंपनीकडे नाव नोंदवावं लागणार, हा त्यांचा आक्षेप. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये, जाणकार वापरकर्त्यांना धोका पत्करून अशी ॲप्स टाकता यावीत यासाठी मार्ग ठेवू, असं गुगलने सांगितलं.

तोवर तुम्ही काय पाहावं?

वरचे पहारे कंपन्या आणि सरकारं सांभाळतात. पण शेवटची कडी आपल्याच हातात असते.

फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांचा विभाग असतो. तिथे ‘संपर्क’, ‘एसएमएस’, ‘माइक’ यांवर टॅप केलं की ती परवानगी कोणकोणत्या ॲप्सकडे आहे, ते एकत्र दिसतं. ॲपचं काम आणि त्याची मागणी यांचा मेळ बसत नसेल, तर परवानगी काढून घ्या. गरज असेल तर ॲप पुन्हा विचारेल.

ॲक्सेसिबिलिटीची यादी वेगळी तपासा. तिथे ओळखीचं नसलेलं एकही नाव नको. घरात कोणी दृष्टिहीन असेल, तर त्यांना लागणारं ॲप मात्र चुकून बंद करू नका.

मेसेजवर आलेली एपीके फाइल उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

आणि एखाद्या ॲपमधली सोय अचानक गायब झाली, तर त्याला एक स्टार देण्याआधी कंपनीने काय कारण दिलंय ते वाचा. कदाचित तो निर्णय त्या ॲपचा नसेलच.